डाव्या गालाला तीन हात

माणसाने एक वेळ बायकोच्या माहेराबद्दल बोलावं, पण तिच्या बाटल्यांबद्दल बोलू नये. हे शहाणपण मी आत्ता सांगतोय. महिन्यापूर्वी कोणी मला सांगायला आलं असतं तर मी ऐकलं नसतं, कारण महिन्यापूर्वी मी तज्ज्ञ होतो.

तज्ज्ञ म्हणजे अगदी पगारी. मी रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. (गालाला लावायचा नव्हे, भिंतीला लावायचा रंग.) नवा रंग तयार झाला की डबा माझ्या टेबलावर येतो. मी पत्र्याची एक पट्टी घेतो, मधोमध रेघ ओढतो, डाव्या बाजूला रंगाचे दोन हात मारतो, उजवी बाजू कोरी ठेवतो आणि ती पट्टी गच्चीवर ऊन-पाऊस खायला ठेवून देतो. काही आठवड्यांनी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. रंगाने पत्रा राखला असेल तर रंग पास, नाहीतर डबा परत. जाहिरातीत भिंती हसतात, गातात, पाहुण्यांचं स्वागत करतात. माझ्या पट्टीवर तसलं काही होत नाही. त्यामुळे जगातल्या कुठल्याही डब्यावर काहीही छापलेलं असो, माझा त्यावर काडीचा विश्वास नसतो, आणि हे मी कॅन्टीनमध्ये, बसमध्ये आणि लोकांच्या घरी जेवायला गेलो तर तिथेही, कोणी न विचारता सांगत असतो.

तर एका संध्याकाळी घरी आलो आणि हातपाय धुवायला बेसिनपाशी गेलो, तो माझ्या दाढीच्या मशीनची जागा गेलेली. ते बिचारं साबणाशेजारी आडवं पडलं होतं आणि त्याच्या जागी काचेच्या बाटल्यांची रांग उभी होती. चढत्या क्रमाने.

"अगं, हे काय?"

"सेट आहे," आतून उत्तर आलं.

"कसला?"

"चेहऱ्याचा."

आमची ही शाळेत गणिताची बाई आहे. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. तो सेट तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, गळ्यात मारला होता हे मी न विचारताच ओळखलं. मेव्हणीचं ब्यूटी पार्लर आहे. तिथे नुसता पत्ता विचारायला गेलेला माणूससुद्धा बाहेर येताना पिशवी घेऊन येतो.

मी चष्मा पुसला आणि एकेक बाटली वाचायला घेतली. स्क्रब. टोनर. प्रायमर. सीरम. मग एकीवर 'मॅट फिनिश', दुसरीवर 'ऊन, धूळ आणि वयापासून संरक्षण'. मला हसूच फुटलं.

"अगं, हे तर सगळं आमचंच आहे! स्क्रब म्हणजे पॉलिश पेपर. प्रायमर म्हणजे अस्तर. आणि ही शेवटची बरणी म्हणजे चक्क बाहेरच्या भिंतींचा रंग! फक्त आमच्या डब्यात अख्खी बाल्कनी होते, आणि यात नाकाचा शेंडा तरी होईल का, शंका आहे."

मी हसलो. बराच वेळ हसलो. मग लक्षात आलं की मी एकटाच हसतोय.

ही पलंगाच्या कडेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या शर्टाची घडी घालून झाली, तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

"परवा पाचवीच्या वर्गात एका मुलीने मला आजी म्हटलं," ती म्हणाली.

"मुलं चुकून म्हणतातच काहीतरी."

"चुकून आई म्हणतात. इतकी वर्षं आईच म्हणत आली. वही दाखवायला येतात आणि 'आई, हे बघा' म्हणतात, मग सगळा वर्ग हसतो. परवा ती 'आजी' म्हणाली आणि कोणी हसलंच नाही."

तिने दुसरा शर्ट ओढला.

"पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या मैत्रिणी जमणार आहेत. तीस वर्षांनी. तेव्हा मी बरी दिसायचे हो. अगदी बरी. मला तिथे आजी होऊन जायचं नाहीये."

या ठिकाणी नवऱ्याने काय म्हणायचं असतं ते मला आता तोंडपाठ आहे. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. पण त्या संध्याकाळी माझ्या अंगात तपासनीस संचारला होता. मी म्हटलं, "ते सगळं खरं, पण चाचणी घेतल्याशिवाय माल वापरायचा म्हणजे..."

"मग घ्या की चाचणी!" तिने शर्ट पलंगावर आपटला. "तुमच्याच चेहऱ्यावर घ्या. नाहीतरी पत्र्याचाच आहे. कधी काही उमटत नाही त्याच्यावर."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जेवताना अटी ठरल्या. माझ्या डाव्या गालाला पूर्ण सेट, उजवी बाजू कोरी. तीन आठवड्यांनी, तिच्या मैत्रिणी जमायच्या आदल्या दिवशी, निकाल. निकाल तिऱ्हाईताने द्यायचा, आणि त्याला कुठली बाजू कुठली हे आधी सांगायचं नाही. फरक दिसला, तर मी जन्मभर बाटल्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. फरक दिसला नाही, तर तिने आहे त्या चेहऱ्याने मैत्रिणींसमोर जायचं आणि पुन्हा असली बाटली घरात आणायची नाही.

"आणि तोवर मी लावायचं नाही?" तिने विचारलं.

"चाचणीचा माल चाचणीलाच. आमच्यात तसंच असतं."

तिने एक बाटली उघडून नुसता वास घेतला होता. तिचं झाकण तिने परत लावलं आणि बाटली रांगेत ठेवून दिली. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. पण मी डोक्यात पट्टीवरची रेघ आखण्यात गुंग होतो.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकाच्या मधोमध, एक काल्पनिक रेघ. आमच्या धंद्यात तयारी महत्त्वाची. आधी पृष्ठभाग स्वच्छ धुवायचा, मग घासायचा, एकदा आडवा, एकदा उभा, मग पुसून अस्तर. अस्तर वाळल्याशिवाय वरचा हात मारायचा नाही. मी त्यासाठी टेबलफॅन बेसिनसमोर आणून ठेवला. बाटलीवर 'दोन थेंब' असं लिहिलेलं होतं, पण दोन थेंबांत पृष्ठभाग झाकला जात नाही हे कुठलाही रंगारी सांगेल. मी सढळ हाताने लावत होतो. डावा गाल घासला जाऊ नये म्हणून मी उजव्या कुशीवर झोपायला लागलो. दोन्ही बाजूंना ऊन सारखं मिळावं म्हणून बसमध्ये जाताना एका बाजूच्या खिडकीशी आणि येताना दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागलो, त्यापायी रोज कोणा ना कोणाशी जागेवरून भांडण व्हायचं. आणि कोऱ्या बाजूची शिस्त तर मी इतकी पाळली की आमच्या साहेबांनी बघितली असती तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

हिला मात्र चहाचा कप घेऊन दाराशी उभं राहायचा नाद लागला. मी पंख्यासमोर एक गाल करून उभा, आणि ती हसतेय.

"वाळलं का हो?"

"बोलायला लावू नकोस. तडे जातात."

अशा रीतीने शेवटचा दिवस उजाडला. एकच बरणी उघडायची राहिली होती, सगळ्यांत महागडी दिसणारी. तिच्यावर ठळक अक्षरांत 'फर्मिंग मास्क' लिहिलं होतं आणि खाली मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती. चष्म्याची काडी ओल्या गालाला लागते म्हणून चष्मा मी काढून ठेवला होता, आणि वाचायचं तरी काय? तीन आठवडे अस्तरं झाली, आता शेवटचा चकाकीचा हात बाकी, हे उघडच होतं. पाण्यासारखा पारदर्शक, मधासारखा दाट पदार्थ होता. मी तीन हात मारले. बरणी संपली.

(ती मुंगीची अक्षरं मी नंतर वाचली. 'पंधरा मिनिटांनी सोलून काढा.' आता मला सांगा, लावलेला हात सोलून काढायचा असतो ही कल्पना रंगाच्या धंद्यात कोणाला सुचेल का? आमच्याकडे रंग सोलला तर गिऱ्हाईक कोर्टात जातं.)

बसमध्ये खिडकीचा वारा लागला आणि डावा गाल ताणायला लागला. मला मनातून कौतुक वाटलं. म्हटलं, माल काम करतोय की! कारखान्याच्या फाटकापाशी येईपर्यंत ओठाचा डावा कोपरा वर चढला होता आणि डावी पापणी अर्धी खाली आली होती. रखवालदाराने सलाम केला. मी हसलो. तो दोन पावलं मागे गेला.

त्या दिवशी एक बडं गिऱ्हाईक येणार होतं. नव्या इमारती बांधणाऱ्या एका कंपनीच्या मालकीणबाई, करारी चेहरा, पांढरे केस घट्ट बांधलेले. साहेब त्यांना घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"हे आमचे मुख्य तपासनीस. यांची नजर म्हणजे नजर!"

मी उठून नमस्कार केला. तोंडातून 'नमस्कार' ऐवजी 'नव्हफ्कार' असं काहीतरी बाहेर पडलं, आणि त्याच क्षणी त्या नजरेपैकी डावी नजर आपोआप मिटली.

मालकीणबाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी अवघडलो, आणि अवघडलो की मला हसायची सवय आहे. अर्ध्याच तोंडाने हसलो. डोळा पुन्हा मिटला.

"हे गृहस्थ मला डोळा मारतायत का?" मालकीणबाईंनी थंड आवाजात विचारलं.

साहेबांची पाचावर धारण बसली. "नाही, नाही! वीस वर्षांत यांनी कधी कुणाकडे वर मान करून... अहो, काय चाललंय तुमचं?"

मी "काही नाही" म्हणालो. ते माझं मलाच कळलं नाही. मग मात्र मालकीणबाई पुढे झुकल्या, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि त्यांचा सगळा रागच उतरला.

"अरे देवा. यांना झटका आलाय. माझ्या सासऱ्यांना अगदी असंच झालं होतं. अर्धा चेहरा गेला!"

यानंतर जे झालं ते फार झपाट्याने झालं. कोणीतरी मला खुर्चीत दाबून बसवलं. कोणीतरी माझे बूट काढले. (का, ते अजून कळलेलं नाही.) मी हात हलवून सांगायचा प्रयत्न करत होतो, तर लोक म्हणायला लागले, "हात हलतोय, हात हलतोय, देवाची कृपा!" मास्क हा शब्द उच्चारायला दोन्ही ओठ लागतात, आणि माझ्याकडे एकच चालू होता. आता खरं सांगायचं तर कागदावर लिहून दाखवता आलं असतं. पेन खिशालाच होतं. पण समोर अख्खं कॅन्टीन जमलं होतं, त्याच कॅन्टीनमध्ये मी क्रीम लावणाऱ्या नवऱ्यांवर दीड तास भाषण दिलं होतं. मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्धांगवायूच्या माणसाला निदान सहानुभूती तरी मिळते.

साहेबांनी हिच्या शाळेत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"वहिनी, घाबरू नका. मन घट्ट करा. यांचा... यांचा अर्धा चेहरा..."

"अर्धा ना?" हिचा आवाज आला. मागे मुलं तेराचा पाढा म्हणत होती. "कुठला अर्धा? डावा का?"

साहेब चपापले. "हो, डावा."

"चकाकतोय?"

साहेबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "हो! चकाकतोय!"

"मग काही नाही. आज तीन हात मारलेत त्यांनी. रोज सकाळी असाच असतो तो. मला तास आहे."

फोन ठेवला.  साहेबांनी डोळ्याच्या कडा टिपल्या.

"बिचारी," ते म्हणाले. "धक्क्याने भ्रमिष्टासारखं बोलतेय."

मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात जाईपर्यंत साहेब माझा हात हातात धरून बसले होते आणि माझ्याबद्दल भूतकाळात बोलत होते. "असा तपासनीस होणे नाही. माणूस काय, सोनं होतं सोनं." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकला नव्हता. मी ठरवलं की जमेल तितका वेळ आजारी राहायचं.

दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण होती. तिने मला पलंगावर बसवलं.

"काका, हसून दाखवा."

मी अर्धा हसलो.

"भुवया वर करा. गाल फुगवा."

उजवा गाल फुगला. डावा ढिम्म. डॉक्टर गंभीर झाली आणि सिस्टरना हळूच काहीतरी म्हणाली. साहेबांनी माझा हात इतका दाबला की बोटं कळवळली. आता मात्र मलाच भीती वाटायला लागली. म्हटलं, समजा मास्क लावलेला असताना खरोखरचाच झटका आला असेल तर? कळणार कसं?

सिस्टरनी कपाळाला काहीतरी चिकटवायचं म्हणून ओल्या बोळ्याने माझी डावी बाजू पुसायला घेतली. कानाजवळ त्यांचं बोट अडकलं. तिथे एक कड सुटली होती. सिस्टर ती धरून ओढायला लागल्या. चर्र असा आवाज झाला आणि माझा डावा गाल, अर्धं नाक आणि भुवईचे काही केस असा सलग पोपडा सिस्टरच्या हातात आला.

सिस्टर किंचाळल्या. पण त्या सरावलेल्या होत्या, उभ्या तरी राहिल्या. साहेबांनी त्या लोंबत्या गालाकडे बघितलं, "गेले!" म्हणाले आणि पलंगाच्या पायथ्याशी आडवे झाले.

पाच मिनिटांनी खोलीतलं दृश्य असं होतं: पलंगावर साहेब, नाकाला कांद्याची फोड, शेजारी स्टुलावर मी, अनवाणी, त्यांना पुठ्ठ्याने वारा घालतोय, आणि डॉक्टर तो पोपडा उजेडात धरून बघतेय. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पूर्ण तोंडाने सगळं सांगून टाकलं.

तेवढ्यात ही आली. बोटांना खडू तसाच होता. तिने माझ्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं आणि विचारलं,

"यांनाही लावलंत?"

कारखान्यात फोन करून दवाखाना विचारून, तास सोडून ती धावत आली होती. पाढा संपेपर्यंत तिला सगळं विनोदी वाटलं आणि मग एकदम वाटलं, खरंच झटका असला तर, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरून इकडून तिकडून वळवून बघितलं. ते मला फार बरं वाटलं. मग तिला आठवलं की आज निकालाचा दिवस आहे.

"डॉक्टर, एक काम कराल? यांच्या दोन बाजू नीट बघा. फरक आहे का?"

(कुठली बाजू कुठली हे आता लपलेलं नव्हतं, पण ऐन वेळी दुसरा तिऱ्हाईत कुठून आणणार?) डॉक्टरने मोठा दिवा ओढला, भिंग घेतलं. मी मान ताठ केली. आता घोडामैदान जवळच होतं. मला खात्री होती. पत्रा तो पत्रा.

"फरक आहे," डॉक्टर म्हणाली. "चांगलाच आहे. ही डावी बाजू मऊ आहे, स्वच्छ आहे, तजेला आहे. ही उजवी म्हणजे... काळवंडलेली, तेलकट, राठ. दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात."

हिचा चेहरा असा उजळला की त्याला कुठल्याही बाटलीची गरज नव्हती. मी तोंडघशी पडलो होतो. माझी वीस वर्षांची नोकरी, कॅन्टीनमधली भाषणं, सगळं मातीत गेलं. पलंगावरून साहेबसुद्धा म्हणाले, "मला नाव लिहून द्या हो वहिनी त्या सेटचं."

"पण उजव्या बाजूची मला काळजी वाटते," डॉक्टर भिंगातून बघत म्हणाली. "काका, इकडे काय लावता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

निदान शिस्तीचं श्रेय तरी घ्यावं म्हणून मी छाती पुढे काढली. "काहीच नाही. कोऱ्या बाजूला आम्ही बोटसुद्धा लावत नाही. नियमच आहे."

"म्हणजे क्रीम नाही. पण साबण?"

"छे!"

"पाणी?"

"पाणी लावलं तर ती बाजू कोरी कुठे राहिली?" मी विचारलं. "डावी बाजू रोज धुऊन, घासून, अस्तर देऊन. उजवी जशी होती तशी. दाढी मशीनने, कोरडी. आंघोळ गळ्याखालून."

 साहेब कोपरावर उठले, माझा उजवा गाल बघितला आणि परत आडवे झाले.

"तीन आठवडे," ही सावकाश म्हणाली, "तुम्ही अर्धंच तोंड धुतलंत?"

सिस्टरनी न सांगताच दुसरा बोळा भिजवला, साबण लावला आणि माझी उजवी बाजू धुऊन काढली. बोळ्याकडे कोणी बघितलं नाही, मी तर नाहीच. मग डॉक्टरने पुन्हा दिवा ओढला, भिंग फिरवलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"आता काही फरक नाही. दोन्ही बाजू अगदी सारख्या." ती हसू दाबत हिच्याकडे वळली. "काकू, तोंड धुवावं, उन्हात जाताना उन्हाचं क्रीम लावावं, कातडी कोरडी पडली तर साधं मॉइश्चरायझर. बाकी हौस असेल तर घ्यावं. हौसेला मोल नसतं. पण चेहरा त्याने बदलत नाही."

मी जिंकलो होतो. इतक्या अपमानानंतर का होईना, पत्रा जिंकला होता. मी हिच्याकडे विजयी नजरेने बघायला वळलो, तर ती भिंतीवरचं कसलं तरी पत्रक वाचत होती. डोळे जागचे हलत नव्हते.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. 

"हरले मी," ती म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय. उद्या अशीच जाईन."

मला एकदम लाज वाटली. निकालाची नाही. तीन आठवडे मी आरशात एकच चेहरा बघत होतो आणि तो माझा होता, याची. ही रोज दाराशी चहा घेऊन उभी असायची आणि मी 'तडे जातात' म्हणायचो.

"चाचणी रद्द," मी म्हटलं. "कोरी बाजू खराब झाली की आमच्यात निकाल धरत नाहीत. उद्या तू सगळं लावून जा. स्क्रब, अस्तर, सीरम, सगळं. आणि हे बघ, मला तू आजी वाटत नाहीस. कधीच वाटली नाहीस. हे त्याच दिवशी म्हणायचं होतं, पण ते... राहून गेलं."

ती खिडकीबाहेरच बघत होती, पण तिचा कान लाल झाला. "लोक ऐकतायत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चहा करून बेसिनपाशी नेला. ही सीरमची बाटली उलटी करून तळव्यावर आपटत होती. मग तिने टोनर आपटला. मग प्रायमर. मग तिने सगळ्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या.

"हा सेट सहा महिन्यांचा होता," ती म्हणाली.

 सहा महिन्यांचा माल, तीन आठवडे, अर्धा चेहरा. गणिताच्या बाईंना उत्तर सांगायची गरज नव्हती.

तिने साबणाने तोंड धुतलं, केस विंचरले आणि निघाली. दिवसभर माझं घरात लक्ष लागेना. मैत्रिणी कशा असतील, काय म्हणतील, कोणी 'काय गं, किती उतरलीस' म्हणालं तर? तीन वेळा चहा केला, तिन्ही वेळा उतू घालवला. संध्याकाळी दार वाजलं आणि ही आत आली ती गुणगुणतच. पर्स खुर्चीवर टाकली आणि चपलांसकट पलंगावर बसली.

"काय झालं?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"सगळ्या म्हणाल्या, काही बदलली नाहीस! हसली की अगदी तीच! आणि गेल्या गेल्या काय लावतेस म्हणून मागेच लागल्या."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. "मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, सेट आणला होता, पण तो आमच्या ह्यांनी लावला. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन तास हसत होतो. एकीची कवळी निघाली. सगळ्यांना तुम्हाला बघायचंय. पुढच्या रविवारी येताहेत इथे."

आता बढाई म्हणून नाही, पण इतक्या बायका केवळ आपल्याला बघायला येणार म्हटल्यावर माणसाचा हात आपोआप चेहऱ्यावर जातो. मी आरशाकडे वळलो आणि डावा गाल जरा उजेडात धरला. सहा महिन्यांचा माल होता. थोडाफार तजेला होताच.

"तो नाही," ही म्हणाली. "उजवा. त्यांना न धुतलेला बघायचाय. आज रविवार आहे, म्हणजे आठ दिवस आहेत हातात. तेवढ्यात होईल ना हो परत तसा?"